दयाअक्काच्या लाटा

मुंबई, ता. ११ ऑक्टोबर १९४९

ती. प्रभुदास दाजींस,
अब्राहामचा सप्रेम सलाम वि. वि.

दयाअक्काला घेऊन सुखरूप पोचलो. पाथर्डीहून निघाल्यापासून ती मोटारीच्या खिडकीतून आमच्या माहेरचं, भंडारदऱ्याचं पाणी पाहत होती. बाहेर नुसता उजाड माळ. पण तिचा चेहरा इतका खुलला होता की मीही दोनदा डोकावलो. आई भात लावतेय, म्हणाली. आमची आई जाऊन अकरा वर्षं झाली.

आमच्या इस्पितळात मेंदूतल्या विजेच्या लाटा कागदावर उतरवणारं यंत्र आलंय, आणि त्याच्या शाई-कागदाचा राखणदार तुमचा मेहुणा. हसू नका. डोक्याला लेप लावून तारा चिकटवतात, डोळे मिटून निजायचं, लेखण्या आपोआप चालतात. दुखत नाही. निरोगी माणसाच्या सेकंदाला नऊ-दहा बारीक लाटा उठतात. अक्काच्या जेमतेम तीन, पसरट, सावकाश. गाढ झोपेतल्यासारख्या, आणि ती तर जागी होती. मी कितीतरी वेळ तो कागद पाहत बसलो.

डॉक्टर म्हणाले, नुसतं वेड असतं तर लाटा बहुधा अशा मंदावत नाहीत. मेंदूला काहीतरी मिळत नाहीये. वेळेत मिळालं तर बाई परत येईल. मानेवरचे काळे चट्टे आणि लालभडक जीभ पाहून त्यांनी विचारलं, ही खाते काय? मला सांगता आलं नाही. ते लगेच कळवा. तिला वेड्यांच्या इस्पितळात घालायचं तुमच्या मंडळींनी ठरवलंय, तेवढं तूर्त थांबवा. हात जोडतो.

मेरीला मामाची आठवण सांगावी. माया आहेच, ती राहावी.
आपला, अब्राहाम

पाथर्डी, ता. १६ ऑक्टोबर १९४९

चि. अब्राहाम यास,
प्रभुदासचा सलाम वि. वि.

ही खाते काय, हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांचा संसार, पण ती आम्हाला वाढून मागाहून जेवायची. मी कधी वळून पाहिलं नाही. शेवटी शेजारच्या कडूबाईला विचारलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली की मास्तरला, म्हणजे मला, मुदतीचा ताप आला तवा बाईनं देवाला बोललं हुतं, सालभर मीठ-भाकरीवर राहीन, दुसरं कायबी तोंडात घालनार न्हाई.

म्हणजे मार्चपासून नुसती ज्वारीची भाकरी आणि मीठ. मला वाटलं, ईस्टरआधीचा उपास, ईस्टरला सुटला असेल. रविवारी देवळात चारचौघांत मी तिच्या भक्तीचं कौतुक केलं. कोंबडीची अंडी ती मला उकडून द्यायची, आणि मी खायचो.

आणखी एक सांगायचंय. सप्टेंबरात तिने मेरीला ओळखलं नाही, पोर कोपऱ्यात जाऊन बसली. त्या दिवशी मी वेड्यांच्या इस्पितळाच्या अर्जावर सही केली. टपालात टाकला नाही, पण सही केली. मला स्वतःची लाज वाटते.

तिला सांभाळ. आमच्यावर राग धरू नकोस.
तुझा, प्रभुदास

मुंबई, ता. २ नोव्हेंबर १९४९

ती. दाजींस,
अब्राहामचा सप्रेम सलाम वि. वि.

डॉक्टरांनी तुमचं पत्र ऐकलं आणि टेबलावर थाप मारली, म्हणाले, नुसत्या ज्वारीवर राहून हिचं एक जीवनसत्त्व संपलंय, मेंदू उपाशी आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दूध, अंडी, शेंगदाणे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात लाटा सहावर आल्या, मग आठवर, आज नऊ! दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच बाईचे वाटत नाहीत. काल तिने माझ्या सदऱ्यावरचा शाईचा डाग पाहून विचारलं, अजून धांदरटच का रे? मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

तुमचं पत्र तिने मागितलं. लपवावं की द्यावं, कळेना, दिलं. पुढचं तिने स्वतः लिहायचं म्हटलंय. जिव्हाळा ठेवावा.
आपला, अब्राहाम

मुंबई, ता. ५ नोव्हेंबर १९४९

मेरीच्या बाबांस,
दयाचा सलाम वि. वि.

अक्षर गोड मानून घ्यावं.

मी इतके दिवस आईजवळ होते. अकोले तालुक्यातलं आमचं भाताचं खाचर, घोटाभर गार पाणी, आई पुढे, मी मागे. रोपं संपतच नव्हती. तिथे ऊन लागत नव्हतं, भूक नव्हती. इथे अब्राहाम माझ्या डोक्याला तारा लावून लाटा सुधारल्या म्हणून नाचायचा, आणि लाटा सुधारतील तशी आई लांब जायची. सोमवारी ती बांधावर उभी दिसली. मंगळवारी दिसली नाही. मी उशीत तोंड घालून रडले. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय.

आई रोज थांब म्हणायची, आणि थांबावंसं वाटायचं हे खोटं कशाला सांगू? पण मेरीची वेणी कोण घालत असेल, असं एकदा मनात आलं, आणि मग पाणी ओसरायलाच लागलं.

बोललेलं मोडलं याचं भय होतं. आता वाटतं, तुम्ही उठून बसलात त्याच दिवशी देवाने ऐकलं होतं. पुढचे महिने माझा हट्ट.

सहीचं वाचलं. राग आला, फार आला. दूध तसंच ठेवलं होतं. नर्सबाई ओरडली तेव्हा प्यायले. पुढच्या शनिवारी मला घ्यायला तुम्हीच या, अब्राहामवर ढकलू नका. आणि माझ्या नावाच्या कागदावर सही करायची वेळ पुन्हा कधी आलीच, तर त्याआधी मला एवढंच विचारा, की दया, तू जेवलीस का?

मेरीला मुका. माझ्यावरची माया कमी न व्हावी.
आपली, दया