चार सेंटीमीटर खाली

४ मार्च
चार सेंटीमीटर! आज टेप लावून मोजलं. बाबांच्या चाकांच्या खुर्चीपेक्षा आमच्या छोट्या गाडीची सीट बरोब्बर चार सेंटीमीटर उंच. एवढ्याशा फरकासाठी सहा महिने आम्ही त्यांना उचलतोय — मी काखेतून, शेजारचे मास्तर पायांकडून. उचलताना बाबा डोळे मिटून घेतात. ज्या माणसाने गॅरेजात जन्मभर इंजिनं उचलली त्याला पोत्यासारखं उचलायचं! मला बघवत नाही.

फळीवरून सरकून बसता येतं, व्यायामाच्या बाईंनी शिकवलंय. हात अजून दणकट आहेत. पण चढावर कोण सरकणार? खुर्चीवर जाड गादी घातली तर तोल गेला, पडता पडता वाचले.

"खुर्ची वर जात नाही ना? मग गाडी खाली आण," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत.

६ मार्च
चेष्टा नव्हती! बारक्याला फोन केला त्यांनी. बारक्या म्हणजे बाबांच्या हाताखाली तयार झालेला. आता स्वतःचं गॅरेज, दोन नातवंडं आणि शंभर किलो वजन, पण नाव बारक्याच.

"ताई, बुटक्या स्प्रिंगा मिळतात. तरणी पोरं हौसेनं बसवतात. पण हाडं खिळखिळी होतात हां, आधीच सांगतो."

बाबांच्या पाठीचं दोनदा ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बजावलंय, धक्के नकोत. म्हणजे गाडी खालीही हवी आणि मऊही हवी. आली का पंचाईत!

१० मार्च
बारक्याने दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या आणवल्या. मी मांडीवर पाण्याचा पेला धरून बसले. पहिली गाडी पाच सेंटीमीटर खाली केलेली — पहिल्याच गतिरोधकावर सगळं पाणी माझ्या अंगावर. बारक्या खो खो हसत होता, मेला.

दुसरी साडेतीनवाली. हिच्या स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. बारीकसारीक खड्डे गिळते, मोठा आला की ताठ होते. दोन थेंब सांडले फक्त.

घरी बाबांनी उलटतपासणी घेतली. "वळणावर कलते का? स्टिअरिंगला कशी वाटली?" म्हटलं, बाबा, तुम्ही बाजूला बसणार, तुम्हाला स्टिअरिंगचं काय करायचंय? "विचारलं तेवढं सांग."

साडेतीनवाली ठरली. उरलेला अर्धा? "नवी स्प्रिंग आठवडाभरात दबून खाली बसते थोडी. धीर धर."

१५ मार्च
बसवल्या! स्प्रिंगा दाबून घालायचं काम बारक्याचं, जीवावरचं आहे ते. पण पुढच्या आर्मचे, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे बोल्ट मी आवळले, हट्टाने. तो आतल्या गाडीकडे गेला होता तेवढ्यात उरकून टाकलं. गाडी वर टांगलेली, मी खाली, हातभर लांब पाना. बाबांची लेक शोभले म्हणायचं!

१६ मार्च
सगळं मुसळ केरात.

गाडी अडीचच सेंटीमीटर खाली आली. आणि दणके! मास्तरांच्या मदतीने बाबांना बसवलं आणि कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काही नाही झालं," म्हणाले. पण दाराची मूठ धरलेली सुटेना. घरी येऊन मी नळ सोडून रडले. मी त्यांचं बरं करायला गेले आणि त्यांनाच दुखवलं.

१७ मार्च
सकाळी चहा घेताना बाबा मध्येच म्हणाले, "आर्मचे बोल्ट कधी आवळलेस?"
"गाडी वर असताना."
"हवेत?"
"हवेत."
आणि बाबा हसले! पोट धरून. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग चहाच्या कपाखालचं फडकं पिळून दाखवलं — हवेत आवळलं की आतलं रबर गाडी खाली येताना असं पिळून बसतं, ना गाडीला खाली येऊ देतं, ना चाकाला हलू देतं. "आधी चाकं टेकू दे, सगळं वजन येऊ दे, मग आवळायचं. बारक्यानेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. चार दिवस बोललो नव्हतो त्याच्याशी."
माझ्याशी मात्र बोलले. बिस्किट पण दिलं!

१८ मार्च
बारक्याने कान पकडले — "मी बघायला हवं होतं, उस्ताद." चाकं टेकवून बोल्ट सैल केले. कुर्रर्र करून गाडी खाली बसली. मग आवळले. तोच कोपरा, तोच गतिरोधक.
"गेला का?" बाबांनी विचारलं.
"गेला."
"मला कळलाच नाही."

२६ मार्च
टेप लावला. चार खाली! काटेकोर चार.

बाबांनी फळी टाकली, दोन्ही हात रेटले आणि सरकले. एकटे. डोळे उघडे ठेवून. मास्तर सवयीने धावत आले होते, ते तसेच फाटकात उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. मास्तरांचे, बारक्याचे, त्या पाणी सांडलेल्या गाडीवाल्याचेसुद्धा उपकार कसे फेडू? आणि बाबांचे — माझी चूक त्यांनी हसण्यावारी नेली. आज देवाकडे मागायला काही नाही.

"तुझ्याही बाजूची सीट मोज," म्हणाले. मोजली. तिकडेही सारखीच. कशाला हवं होतं कोण जाणे.

२ एप्रिल
व्यायामाच्या बाईंकडचा तास झाल्यावर बाबांना गाडीपाशी सोडून पुढच्या तारखा घ्यायला आत गेले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी. माझ्या दाराशी. धावले.

बाबा स्टिअरिंगवर होते.

"हाताने चालवायचे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बारक्या सोमवारी बसवतोय. तोवर तूच चालव," म्हणाले. "पण आज थोडा वेळ बसू दे. तू तिकडून ये."

मी वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसले.