वेळ कोणी विचारली नाही

शनिवार, १४ मार्च

प्रिय बनीच्या आईस,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझं पत्र पोचलं. बनीचा खोकला गेला, बरं वाटलं. मी ठीक. जिना चढताना धाप लागते, एवढंच.

गेल्या रविवारी बाप्तिस्मा ठेवला होता. चौदा घरं "नक्की येऊ, पाळक" म्हणाली होती. मी मिशनला तसा आकडाही कळवून बसलो. उतावळा नवरा! बाप्तिस्म्याचा हौद भरला, खुर्च्या मांडल्या. तासाभराने खालचा शिंपी आला, तोही मी नेलेलं स्टूल परत न्यायला.

"कोणीच आलं नाही हो," मी म्हटलं.

"येणारच नव्हते."

"अहो, सगळे हो म्हणाले होते!"

"दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? ज्याला खरंच कपडा शिवायचा असतो, तो आधी विचारतो, कधी मिळेल. बाकीचे नुसती कापडाची तारीफ करतात. तुम्हाला कोणी वेळ विचारली?"

एकानेही नाही. माझ्या प्रवचनांची स्तुती मात्र तोंड भरून. मला त्यांचा राग येत नाही, माझीच लाज वाटते. सात वर्षं दारोदार फिरून मी भल्या माणसांना खोटं बोलायला लावलं. नको म्हणायची वाटच ठेवली नाही त्यांना. मिशनच्या साहेबांना हे कुठल्या तोंडाने कळवू? हौद रिकामा केला आणि पडून राहिलो. फार थकलोय गं.

मग तुझी पत्रं काढली. खरं तर हेच लिहायला बसलो होतो. "बनीची परीक्षा झाली की येते." तीन परीक्षा झाल्या. प्रत्येक पत्रात माझ्या कामाचं कौतुक. पण इथे शाळा किती लांब, नळाला पाणी कधी येतं, तू एकदाही विचारलं नाहीस. मलाही कळत होतं. स्पष्ट विचारायला भीत होतो.

मी राजीनामा दिलाय. महिनाअखेरीस मोकळा होईन. तुमच्याकडे येऊ का? "या ना, घर तुमचंच आहे," असं लिहू नकोस. नको असेन तर "नको" एवढंच लिही. वाईट वाटेल, रडेनही. पण एकदा तरी कोणी माझ्याशी खरं बोलेल.

बनीला पापा.

अजून तरी तुझाच,
बनीचा बाबा