मॅनेज होतंय

२ फेब्रुवारी, सकाळी ७
ही जाऊन दोन महिने झाले. काल लेक आणि जावई आले होते. लेक म्हणाली, बाबा, एकट्याला जमणार नाही, आमच्याकडे चला, खोली रिकामी केली आहे. म्हटलं, मी मॅनेज करतो. ती म्हणाली, महिनाभर बघते. एक मार्चला येईन. घर घरासारखं दिसलं तर राहा इथेच, नाहीतर बॅग भरायची आणि दाराला कुलूप. मान्य केलं. कारखान्याचं स्टोअर मी सांभाळतो, नऊ हजार सुटे भाग. तीन खोल्या म्हणजे काय मोठंसं.

त्याच दिवशी, दुपारी
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या डिक्शनरीत 'मॅनेज' बघितलं. मूळ इटालियन. घोडा हाताळणे, त्याला चालीत आणणे. त्याच्याही मागे लॅटिनमधला 'हात'. म्हणजे आधी हे हाताने करायचं काम होतं. तोंडाने करायची सोय पुढे झाली.

४ फेब्रुवारी
हा शब्द दिवसात किती वेळा कानावर पडतो ते मोजलं. अकरा. साहेब म्हणाले, बेअरिंग आलेली नाहीत, आठवडाभर मॅनेज करा. कॅन्टीनवाला म्हणाला, भाजी संपली, आजच्या दिवस मॅनेज करा. संध्याकाळी लेकीचा फोन. बाबा, मॅनेज होतंय ना? होतंय म्हणालो. नक्की काय होतंय, असं पुढे कुणी विचारत नाही. फार गुणी शब्द.

७ फेब्रुवारी
घराला स्टोअरची पद्धत लावली. प्रत्येक डब्याला कार्ड: आवक, जावक, शिल्लक. काही काढायचं तर आधी मागणीची चिठ्ठी. मागणारा मी, मंजूर करणारा मी, देणारा मी. आज चहापत्तीची चिठ्ठी नामंजूर केली, खाली तारीख नव्हती. नुसतं गरम पाणी प्यायलो. शिस्त म्हणजे शिस्त.

१० फेब्रुवारी
परिणाम दिसू लागले. शनिवारी साखर पाऊण डबा होती. रोज दोन चमचे जाऊन आज डबा भरलेला. स्टोअरमध्ये असं झालं असतं तर चौकशी लावली असती. घरात मात्र याला काटेकोरपणा म्हणतात.

१३ फेब्रुवारी
कपाटात सगळे शर्ट इस्त्री केलेले. कधी केले आठवत नाही. दुःखात माणूस बरीच कामं नकळत उरकत असावा. गॅसही अजून चालू आहे. ही असती तर एव्हाना सिलिंडर बदलावा लागला असता. घरी गेलो की हे हिला सांगू, असं दुपारभर मनात होतं.

१६ फेब्रुवारी
लेकीला फोनवर साखरेचे आकडे दिले. ती म्हणाली, ग्रेट, बाबा. मागे जावई खोकला. काहींना दुसऱ्याचं यश पचत नाही.
जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. भाऊजी, काही लागलं तर सांगा हं, म्हणाल्या. म्हटलं, उलट तुम्हालाच पद्धत समजून घ्यायची असेल तर रविवारी मी मोकळा आहे. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. सर्दी असावी.

२० फेब्रुवारी
वहिनी माहेरी गेल्या, आईचं ऑपरेशन आहे. जाताना दारात दोनदा थांबल्या. नीट राहा हो, म्हणाल्या. ऑपरेशन त्यांच्या आईचं, काळजी माझी.

२३ फेब्रुवारी
साखर कमी झाली. दूध नाही.

२४ फेब्रुवारी
गॅस संपला. मळके शर्ट मशीनमध्ये घातले, मशीन पाणीच घेत नाही. सगळं एकाच आठवड्यात बिघडावं म्हणजे कमाल आहे.

२५ फेब्रुवारी
बिस्किटं. तुटीचा अहवाल तयार केला. 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना तूर्त कोरा.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
वहिनी परतल्या. अहवाल दाखवला. वाचून खालीच बसल्या. म्हणाल्या, भाऊजी, रागावू नका, तुम्ही कामावर गेलात की मीच येत होते. ताईंनी हॉस्पिटलात मला शेजारी बसवून बत्तीस कामं लिहून दिली, घराची किल्ली दिली. बजावलं होतं, ह्यांना कळू देऊ नकोस, मॅनेज करतो म्हणत बसतील आणि उपाशी राहतील.
लेकीला माहीत आहे का, विचारलं. नाही म्हणाल्या.
रकाना भरला. नाव माझं.

२८ फेब्रुवारी
सकाळी वहिनी दोन पिशव्या घेऊन दारात. दोन तासांत घर चकचकीत करते, उद्या लेकीला पत्ता लागणार नाही, म्हणाल्या. मी बाजूला झालो, आत या म्हणणार, तेवढ्यात फोन. बाबा, मॅनेज होतंय ना?
नाही म्हणालो.
काय होत नाही, तिने विचारलं. दूध, गॅस, शर्ट असं सांगायला तोंड उघडलं. निघालं एवढंच, तुझी आई नाहीये गं.
 वहिनी पिशव्या घेऊन परत गेल्या.

१ मार्च
लेक आली. घर होतं तसंच ठेवलं होतं. बॅग भरून दाराशी. तिने ओटा पाहिला, डब्यांवरची कार्डं वाचली, चहापत्तीची नामंजूर चिठ्ठी दोनदा वाचली. मग बॅग उघडून एकेक मळका शर्ट बाहेर काढला. म्हणाली, राहा इथेच. जमत नाही ते आता सांगाल, मला तेवढं पुरे. आणि फोनवर साखरेचे आकडे नकोत.
दुपारी वहिनींना बोलावलं. हिची यादी मध्ये ठेवून तिघं बसलो. वहिनी सांगत होत्या, मी लिहून घेत होतो. सातव्या कामापर्यंत आलो. दुधाची पिशवी कापायच्या आधी धुवायची असते.
चौतीस वर्षांच्या संसारात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.