बावीस ताऱ्यांची यादी

४ फेब्रुवारी
सासरेबुवांची यादी शेवटी माझ्याच टेबलावर आली! बावीस संशयित तारे. म्हणजे जोडीने फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड आला की उजेड कमी होतो. हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने यादी तपासायला आमच्या खगोलसंस्थेकडे पाठवली आणि साहेबांनी हसत माझ्यापुढे टाकली. 'घरचंच काम आहे, घरीच मिटवा.'
निवृत्त पोस्टमास्तर, गच्चीवरची खुर्ची, पक्षी बघायची दुर्बीण — आणि त्याची तपासणी उपग्रहाने! उचलला डोळा, लावला आभाळाला.

७ फेब्रुवारी
उपग्रहाने महिनाभर दर दहा मिनिटांनी मोजलेला उजेड समोर आहे. आठ तारे पाहिले. आलेख इस्त्री केल्यासारखे सपाट. आठही बाद. नवरा म्हणाला, 'बाबांना जरा बेताने सांग.' याला बापाची बाजूसुद्धा धड घेता येत नाही.

९ फेब्रुवारी
सतरा बाद.

१२ फेब्रुवारी
बावीसच्या बावीस बाद. चहाच्या वेळी सांगितलं. मला वाटलं, आता नाचता येईना अंगण वाकडं सुरू होणार. पण ते एवढंच म्हणाले, 'बारा नंबरचा दर नऊ दिवसांनी मंदावतो गं. अख्खा दिवस लागतो त्याला.' मी म्हणाले, 'बाबा, उपग्रहाला मोतीबिंदू होत नाही.' काय सुचलं मला! सासूबाई कप उचलून आत गेल्या.

१५ फेब्रुवारी
अहवाल गेला, माझ्या सहीने. 'एकही नाही.'

१९ फेब्रुवारी
बाबांनी गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. 'नसलेलं दिसायला लागलं की माणसाने गाडी चालवू नये.' नाटकी माणूस. दुर्बीण कपाटात गेली. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळही घेतली आहे म्हणे.

२४ फेब्रुवारी
सहज म्हणून बारा नंबरची कच्ची मोजमापं उघडली. सहज कसलं — ते 'अख्खा दिवस' डोक्यातून जात नव्हतं.
उपग्रहाच्या स्वतःच्या यंत्रातही संथ चढउतार असतात. ते काढायला मी संगणकावर एक गाळणी लावते, माझीच लिहिलेली. अर्ध्या दिवसाहून लांबलेलं जे काही असेल, ते ती पुसून टाकते. आज गाळणी काढली. नऊ-नऊ दिवसांनी तीन खड्डे, स्वच्छ. मग सगळी यादी पुन्हा घेतली. असे पाच तारे निघाले. पाच!
शेंबड्या पोराला कळलं असतं. म्हाताऱ्याला दिसलं ते मी आधी पुसलं आणि मग सपाट आहे म्हणून हसले. स्वतःची शिसारी आली.

२६ फेब्रुवारी
दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पाठवलं नाही. वीस मार्चला बढतीची मुलाखत आहे, आणि ती त्या गाळणीच्याच जोरावर. मुलाखत झाली की सांगेन. बाबांना आज सांगितलं तर ते उद्या मंडळाला कळवणार. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नऊ तारखेला ठरलं आहे. त्या वयात कधीतरी करावंच लागतं.

९ मार्च
डावा डोळा झाला. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, 'एवढी घाई नव्हती, पण तेच हटून बसले.' मी खोलीत गेले तर पावलांवरून ओळखलं त्यांनी. 'सूनबाई, उजवा पुढच्या सोमवारी. मग नवी यादी करतो. तपासायची मात्र तूच. चुकलं तर तोंडावर सांगतेस तू.'
मी 'हो बाबा' म्हणाले.