पायाळू लेकीचा पाय

आई, परवा मी पाठ दाखवायला एका बाईंकडे गेले होते. इथे सोलापुरात विजापूर रोडवर त्यांचं केंद्र आहे. औषध नाही, सुई नाही, नुसते हात ठेवून दुखणं काढतात म्हणे. शाळेतल्या एका मॅडमनी ओढून नेलं, आणि मी मनातल्या मनात हसतच गेले. बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी मला पालथं झोपवलं, कमरेवर दोन्ही हात टेकले. मी विचारलं, "आत काय बिघडलंय ते कसं कळतं?" म्हणाल्या, "हाताला कळतं." "माझ्या पायालाही कळायचं," मी म्हटलं. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.

मी पायांकडून जन्मले, यात माझा काय पराक्रम? पण पायाळूचा पाय लागला की उसण उतरते म्हणून केम गावी आपल्या दारात सकाळी उसण भरलेली माणसं येऊन पालथी पडायची. शेजारची काकू हाक मारायची, "डॉक्टरीणबाई उठल्या का? पाय लाव की गं बाय, चुलीम्होरं वाकाय यीना." मी डोळे चोळत यायचे, त्यांच्या पाठीवरून डावा पाय फिरवायचे आणि शाळेला पळायचे. तू दारात उभी राहून बघायचीस. घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि तुझी लेक शिकायच्या आधीच डॉक्टरीण झाली होती. तुझा तो तोरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

कारण मग तुझीच पाठ धरली. मी आठवीत होते. "सोलापूरला दाखवू या," मी म्हणायचे. "घरात पायाळू लेक आसताना डागदर कशाला? लोकं हसतील की." तू पालथी पडायचीस, मी पाय ठेवायचे, आणि पाय उचलायच्या आत तू म्हणायचीस, "उतरलं बघ." पावसाळा गेला, सुगी गेली. तोंडावर सूज आली तेव्हा कुठे तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर बाबांवर खेकसले, "इतके दिवस काय करत होता?" बाबा माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "घरचं चालू हुतं, सायब." तू सुटलीस, आई. ती नजर माझ्या वाट्याला ठेवून गेलीस.

आता मी विज्ञान शिकवते. दुखणं अंगावर काढू नका, आईवडिलांना दवाखान्यात न्या, असं मुलांना पोटतिडकीने सांगते. वर्गात बोलते, पण भांडत असते तुझ्याशी. तू अडाणी होतीस, असं म्हणून इतकी वर्षं तुझा राग धरला. परवा तासाभराने त्या बाईंनी विचारलं, "बरं वाटतंय ना?" काहीच कमी झालं नव्हतं. पण त्या इतक्या आशेने बघत होत्या की मी हो म्हणाले. रिक्षात बसल्यावर एकदम मनात आलं: तूही मला असंच सांगत होतीस का? दुखणं उतरत नाही हे तुला कळत होतं, तर मग हे माझ्यावर का टाकलंस?

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी मला किडनीची सोनोग्राफी करायला सांगितली होती. मी अजून केलेली नाही. काय निघेल, याची भीती वाटते. गुरुवारी मी पुन्हा त्या बाईंकडेच जाणार आहे.