आपलं नाव सोडून

ता. ४ फेब्रुवारी १९६३
नगरपालिकेत गेली. वॉर्ड समितीवर एक बाई पाहिजे होती, अन् आमच्या माळीपुऱ्यात चौथी शिकलेली मीच, म्हणून मले घेतलं. काम असं, दर वॉर्डात एका गरजू घराले फुकट नळ. अर्ज ज्याचा त्यानंच करायचा, सही नाहीतर अंगठा. साहेब पुण्याकडचे. मी बोलली की चष्म्यावरून पाह्यतात. पाह्यू दे. येतायेता एकटीच हसत होती मी.
घरी ओल्या काड्या. धुरानं डोळे वाहून राह्यले.

ता. ६
मनात एकच नाव, गोदामाय. शेजारची. सत्तरीची, एकटी, गुडघे गेलेले. विहीर बाजाराच्या पल्याड. अर्धी घागर आणते, तीन जागी बसते. काल पडतापडता वाचली. नळ तिच्याच दारात आला पाहिजे.

ता. ७
शाईचं पॅड घेऊन गेली. म्हटलं, माय, दे अंगठा.
"गरजू? मी काऊन गरजू? रुखमाचं लिह्य. चार लेकरं हायेत तिले."
समोर रुखमाकडे गेली. ती म्हणे, अवं, गोदामायचं लिह्य ना, तिचे गुडघे पाह्यले का तुनं? तशीच परत आली. आता काय करावं या बायांचं!

ता. ११
चौदा अर्ज आले. एकातही आपलं स्वतःचं नाव नाही! सगळ्यांनी दुसऱ्याचंच टाकलं. एकानं तर भावाचं टाकलं, ज्याच्यासंगं दोन वर्षं बोलणं नाही. खाली लिहिलं, 'लाजाळू आहे, सांगणार नाही.' हसू आलं अन् रडूही.
मंग विहिरीवर सगळ्यायले झाडलं. गरज सांगायले लाज कायची बापा? मी असती तर पह्यला अंगठा माझा! गोदामाय घागर टेकवून ऐकत होती.

ता. १२
साहेबांनी चौदाही रद्द केले. १८ पर्यंत ज्याचा त्याचा अर्ज नाही आला तर नळ दुसऱ्या वॉर्डाले. भांडली. उपयोग शून्य.
घरी हे म्हणे, तुले समितीवर घेऊन साहेब पस्तावला असंल. ह्यांले भाकरी वाढली नाही. मंग वाढली.

ता. १५
गोदामायच्या अंगणात आज पापड. दरसाल गल्लीतले सगळे पापड-कुरड्या तिच्याच अंगणात वाळतात. काठी घेऊन कावळे हाकलत बसते दिवसभर. कोणी चार पापड देऊ केले तर रागावते. मी पाह्यत बसली. पाह्यतापाह्यता डोक्यात उजेड पडला. मीही ढ, एवढे दिवस उलटंच मागत होती.

ता. १६
"माय, नगरपालिकेले तुह्या अंगणात हातभर जागा पाहिजे. देतं काय?"
"कोणासाठी?"
"गल्लीसाठी. नळ बसवायचा."
बराच वेळ सुपारी कातरत राह्यली. मंग म्हणे, "असं म्हण ना मंग." अन् अंगठा पुढं केला!
'कारण' या रकान्यात तिनं सांगितलं तसं लिहिलं. जागा माझी. पाणी सगळ्यांचं. मले वरून काही नको.

ता. १८
साहेबांनी दोनदा वाचलं. विचारलं, बाई, ह्यात गरज कुठे आहे? म्हटलं, साहेब, तिच्यासंगं विहिरीची एक खेप करा, दिसंल.
मले वाटलं हाकलतील. खरंच आले! बुटासकट. गोदामाय पह्यल्या जागी बसली, साहेब उभे. दुसऱ्या जागी बसली, साहेब उभेच. तिसऱ्या जागी साहेबांनी घागर घेतली. खांद्यावर नीट धरता येईना, कोट भिजला. गोदामाय म्हणे, "सवय नाही वाटते बिचाऱ्याले."
तिच्या ओट्यावरच मंजूर केला. चांगला माणूस. मी उगाच...

ता. ९ मार्च
नळ!! पाणी आलं. आधी नुसती फुसफुस, मंग गढूळ, मंग स्वच्छ. रुखमानं मले भिजवलं. गोदामाय पाटावर बसून पाळ्या लावून राह्यली, कोणाचं चालू देत नाही. स्वतःची घागर सगळ्यात शेवटी. भरली तवा मले जवळ घेतलं. आज खूप बरं वाटलं. एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

ता. २२
नवी योजना, बिनधुराची चूल. वॉर्डात एकच. मी लगेच नावं जुळवायले बसली. रुखमा, का पलीकडची...
नळावर गेली तर गोदामायनं कागद हातात दिला. अर्ज. भरलेला. नाव माझं! अक्षर आमच्या ह्यांचं. 'कारण: धुरानं डोळे चालले. लोकाले शिकवते, आपलं सांगत नाही.' खाली सहीची जागा तेवढी कोरी.
तोंडातून निघून गेलं, रुखमाले जास्त गरज हाय. सगळ्या बाया हसल्या. गोदामाय म्हणे, "आता कायची लाज वं?"

ता. २३
साहेबांले विचारलं, समितीतल्या बाईले चालते काय? म्हणे, चालते. तेही निमित्त गेलं.
हे नुसते हसतात. अर्ज २५ ले द्यायचा. डब्यात ठेवला होता, काढला, पुन्हा ठेवला. चौदा जणायले झाडलं मी, अन् मलेच एक सही जमून नाही राह्यली. टाक हातात हाय. गोदामाय अंगणातून विचारते, झाली का वं सही?