कॅप्टनविरुद्ध अकरा-दोन

३ फेब्रुवारी, दुपारी ३.१०
आज पुन्हा हरलो. ११-४. माझं चष्म्याचं दुकान, शेजारी घड्याळजीचं दुरुस्तीचं दुकान, मध्ये प्लायवूडची भिंत. मागे दोघांत मिळून एक गोदाम आणि गोदामात टेबल टेनिसचं टेबल. दोन ते तीन दुकानं बंद ठेवून खेळायचं, हा अकरा वर्षांचा नेम. तारीख आणि स्कोअर भिंतीवर पेन्सिलने तो लिहितो, कारण जिंकतो तो. आज लिहिता लिहिता म्हणाला की तुझा बॅकहँड पाहून मला तुझ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांची काळजी वाटते. जिवलग मित्र असं बोलतो? फार लागलं मनाला.
संकल्प: महिन्याभरात याला ११-० हरवायचं.

५ फेब्रुवारी
व्हीआर हेडसेट घेतला. डोळ्यांवर चढवला की समोर टेबल, बॅट, चेंडू, सगळं हजर. घरी सांगितलं, धंद्यासाठी आहे, अशा यंत्रांचा नजरेवर काय परिणाम होतो त्याचा अभ्यास करणार. हिने विचारलं की अभ्यासाला इतका घाम का येतो. दुर्लक्ष केलं.

६ फेब्रुवारी
घड्याळजीला सांगितलं, स्टॉक मोजायचाय, काही दिवस जमणार नाही. खोटं कसलं, दुकानात स्टॉक आहेच. बरोबर दोनला शटर ओढलं.
पहिल्याच दिवशी हेडसेटमध्ये कॅप्टन नावाचा खेळाडू भेटला. पांढरी टोपी, झुपकेदार मिशी. ११-३ ने हरवला. हरूनही टाळ्या वाजवून 'नाइस शॉट' म्हणाला. घड्याळजीच्या तोंडून अकरा वर्षांत हे दोन शब्द निघाले नाहीत.

१० फेब्रुवारी
११-२, ११-२, ११-१. कॅप्टन मितभाषी आहे. 'नाइस शॉट' आणि 'वन मोअर गेम?', बस्स. पण जे बोलतो ते मनापासून. सकाळी लावा, दुपारी लावा, जेवायच्या वेळी लावा, माणूस हजर. घरदार नसावं बिचाऱ्याला.

१२ फेब्रुवारी
रॅलीनंतर दम लागला म्हणून टेबलावर हात टेकला. टेबल हेडसेटमध्ये, हात बाहेर. फ्रेम्सच्या स्टँडसकट आडवा झालो. सतरा फ्रेम्स गेल्या. घरी सांगितलं, मांजर शिरलं होतं. हिने विचारलं, मांजराने तुमचं कोपर कसं फोडलं. या घरात विश्वास म्हणून राहिलेला नाही.

१४ फेब्रुवारी
घड्याळजी विचारत होता, स्टॉक अजून किती उरलाय. म्हणे काहीतरी सांगायचंय. नवी बॅट घेतली असेल, मिरवायची असेल. हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. थंडीने असेल.

१७ फेब्रुवारी
ऐन ९-० ला घड्याळजी मागच्या दाराने आला, खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. हेडसेटचा आवाज मोठा होता. 'शनिवारी' आणि 'दोन' एवढं कानावर आलं. हो हो म्हणालो. त्याच्यामुळे दोन पॉइंट गेले. मित्र म्हणवतो आणि नेमकं ९-० ला येतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
अविस्मरणीय दिवस. दोन ते पावणेतीन, कॅप्टनला सलग पाच गेम. जीव हलका झाला म्हणून मन मोकळं केलं. मोठ्याने सांगितलं त्याला, शेजारच्या घड्याळजीपेक्षा तू लाख पटींनी बरा. त्याची सर्व्हिस वळते ती काही कौशल्याने नाही, हात थरथरतो म्हणून वळते. मी आपला दयेपोटी खेळत होतो.
कॅप्टन म्हणाला, नाइस शॉट.
पत्ता विचारला, म्हटलं एकदा घरी जेवायला ये. म्हणाला, वन मोअर गेम? संकोची स्वभाव.

२३ फेब्रुवारी
संध्याकाळी घड्याळजी घरी येऊन गेला म्हणे. मी बेडरूममध्ये खेळत होतो. हिच्याशी बोलून, बेडरूमच्या दारातूनच मला हात हलवून गेला, असं ही सांगते. आत येऊन बोलायला काय झालं होतं?

२४ फेब्रुवारी
घड्याळजीच्या शटरला कुलूप. वर कागद: दुकान कायमचे बंद. गिऱ्हाइकं मला विचारतायत, आणि मला काही पत्ताच नाही. अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो आणि यानं केसानं गळा कापला.
घरी येऊन चिडलो. ही शांतपणे म्हणाली, त्यांनी तुम्हाला सतरा तारखेलाच सांगितलं, तुम्ही हो हो म्हणालात. हात कापतात, स्क्रू धरवत नाही, म्हणून लेकीकडे राहायला चाललेत, कायमचे. शनिवारी दोनला शेवटचा एक गेम खेळू, असं ठरलं होतं. पावणेतीनपर्यंत गोदामात थांबले होते.
विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का. म्हणाली, एवढंच, की भिंतीपलीकडून ऐकून तुमचा खेळ सुधारलेला वाटतो.
म्हणजे सगळं ऐकलं. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं बरं नव्हे.

२६ फेब्रुवारी
फोन आधी त्याने करायला हवा. गेलाय तो.
आमची लेक आली आहे. तिला कॅप्टनची ओळख करून द्यावी म्हणून हेडसेट चढवायला दिला. दोन मिनिटांत काढून म्हणाली, बाबा, हा माणूस नाही, कॉम्प्युटर आहे. लेव्हल एक, शिकाऊ लोकांसाठी, मुद्दाम हरतो. तिने लेव्हल चार लावून दिली. ०-११. वर तोच मिशीवाला तोच 'वन मोअर गेम?' विचारतो.
माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली. दुसऱ्यांची नजर तपासतो मी, वीस वर्षं.

२८ फेब्रुवारी
फोन आला नाही. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला. रेंज नसेल तिकडे.

१ मार्च, दुपारी २.००
गोदामात गेलो. टेबल पुसलेलं. पलीकडच्या बाजूला त्याची बॅट, नवीन नाही, तीच जुनी. भिंतीवर शेवटची ओळ २२ फेब्रुवारीची. आकडे वेडेवाकडे, दोनाची शेपटी खालपर्यंत घसरलेली. पुढे स्कोअरची जागा मोकळी सोडली आहे.
मला फार वाईट वाटतंय. दुसरं काय लिहू.
एक सर्व्हिस केली. बॅकहँड, चांगली पडली. हेडसेटमध्ये चेंडू आपोआप परत हातात येतो. इथे तो त्याच्या बॅटला लागून खाली गेला, कपाटामागे. गुडघे टेकून काढला.